पिसांचा मासा

इंग्लंडच्या राय बंदरात कुणालाही 'टोपी' कुठे म्हणून विचारलं, तर तो आधी हसायचा आणि मग रस्ता दाखवायचा.

'टोपी' म्हणजे पेट्रोनेल फॅगबाईची खानावळ. वर चार खोल्या, खाली मोठं स्वयंपाकघर आणि दारावर टांगलेली लाकडी पाटी. पाटीवर नुसती टोपी रंगवलेली. कुणाची, ते नाही. बाईच्या आजेसासऱ्याच्या वेळी ती पोपची टोपी होती. मग राजाचं पोपशी बिनसलं, तेव्हा सासऱ्यानं वर मोरपीस रंगवून घेऊन राजाची टोपी केली. मग जुन्या पंथाची राणी गादीवर आली. पीस खरवडलं, पोप परत बसला. ती गेली, आत्ताच्या राणीसाहेब आल्या, नवा पंथ आला. तेव्हा पेट्रोनेलचा नवरा रंगाऱ्याला म्हणाला, "आता टोपी तेवढी ठेव आणि खालचं डोकं पुसून टाक. टोपी फिरवता येते, डोक्याचा फार त्रास होतो." नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पाटी तशीच होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्याच पंथाची वाटायची.

खानावळ चालवायला परवाना लागायचा आणि परवाना टिकवायला मासा लागायचा.

राणीसाहेबांचा कायदाच तसा होता. बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी मांस शिजवायचं नाही, आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तर चुलीला मांसाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही. आता हाच नियम जुन्या पंथाचाही होता, आणि तो भोंदूपणा म्हणून नव्या पंथानं मोडीत काढला होता. मग तो परत कशाला आणला? तर आरमारासाठी. लोक मासे खातील तर कोळी जगतील, कोळी जगले तर खलाशी तयार होतील, खलाशी असले तर स्पेनचा राजा चार हात लांब राहील. पेट्रोनेलच्या ताटातल्या हेरिंगच्या शेपटीवर राज्य तोललेलं होतं म्हणा ना.

पण खरी गोम पुढच्या कलमात होती. मासा देशासाठी खायचा, देवासाठी खायचा नाही. माशानं आत्म्याचं भलं होतं असं जो बोलेल तो पोपचा माणूस आणि खोट्या बातम्या पसरवणारा, त्याला कोठडी. म्हणजे मांस खाल्लं तर गुन्हा, आणि न खाल्ल्याचं पुण्य तोंडावर दिसलं तरी गुन्हा. 'उपास' हा शब्दच गावातून हद्दपार झाला होता. म्हणायचं 'माशाचे दिवस'. गेल्या साली कॉड विकणारी म्हातारी ॲग्नेस सवयीनं एका गिऱ्हाइकाला म्हणून गेली की घ्या, उपासाला चांगला आहे. दोन दिवस कोठडीत बसून आली. तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं होतं. भावसुद्धा बोटांवर सांगायची.

कायदा पाळून घ्यायला कोतवाल होता, एझेकिएल क्रंप. हा नव्या पंथातही जरा जास्तच नवा. घंटेत त्याला पोप दिसायचा, मेणबत्तीत दिसायचा, पाद्र्याच्या पांढऱ्या झग्यात तर दिसायचाच. खरं सांगायचं तर माशाच्या दिवसांतही त्याला पोपच दिसायचा, पण ते दिवस पाळून घेणं हीच त्याची नोकरी. त्यामुळे बिचारा बारा महिने चिडलेला. देवानं नाक मात्र असं दिलं होतं, की बंद दाराआडून चरबी कुठल्या जनावराची ते सांगावं. गेल्या साली त्यानं बक खाटकाला पकडलं. बाजारात खोड्यात बसवून बकच्या गळ्यात त्यानंच कापलेली बरगडी बांधली होती. तीन दिवस गावातली कुत्री तिथून हलली नाहीत. बकचं दुकान गेलं ते गेलंच.

यंदा क्रंपचं नाक 'टोपी'कडे वळलं होतं. पेट्रोनेलच्या परवान्याची मुदत ईस्टरला संपत होती, आणि तो पुढे चालायचा तर 'इथे मांस शिजत नाही' असा कोतवालाच्या सहीचा दाखला लागत होता.

अशात मेयर हॉग्बेन लंडनहून आलेलं पत्र घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. हॉग्बेनचा धंदा दोरखंडांचा. मेयर तो वर्षभरापुरता, आणि त्यातले चार महिने अजून जायचे होते. ते धडपणे जावेत एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

पत्रात असं होतं, की फ्रान्सच्या राजाचा दूत राय बंदरात उतरणार आहे. फ्लँडर्समध्ये स्पेनविरुद्ध राणीसाहेब फौज पाठवणार की नाही, हो की नाही ते सांगा, असा त्याचा सवाल आहे. हो म्हणावं तर स्पेन अंगावर येणार, नाही म्हणावं तर फ्रान्स स्पेनच्या मांडीवर जाऊन बसणार. तेव्हा दूताला शक्य तितके दिवस रायमध्येच ठेवा. पुढचं मेयरनं मोठ्यानं वाचलं. "'पाहुण्यास सर्व सुख द्यावे. पाहुण्यास लंडनला निघण्याची घाई होऊ देऊ नये. पाहुण्यास परत जावेसे वाटू देऊ नये. कायदा मोडू नये.'" खाली सही होती, पण तीही कुणाची ते कळू नये अशी केलेली होती.

"म्हणजे हो म्हणायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही," पेट्रोनेल म्हणाली.

"राजकारण आहे हे बाई. तुम्हाला नाही कळायचं."

न कळायला काय झालं? नवरा गेल्यापासून पेट्रोनेलला तीन मागण्या आल्या होत्या. एक मिठागरवाला, एक सरपणवाला आणि एक दलदलीतला शिकारी बार्नबी टिलडेन. तिघांनाही सहा वर्षं ती एकच उत्तर देत आली होती, ईस्टरनंतर बघू. कुठल्या ईस्टरनंतर, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. घरात मिठाला तोटा नव्हता, सरपण छतापर्यंत रचलेलं होतं आणि तिघेही एकमेकांवर डोळा ठेवून असल्यामुळे चोराचिलटाची भीती नव्हती. लंडनला राणीसाहेब जे करत होत्या तेच राय बंदरात पेट्रोनेल करत होती, फक्त हिला सल्लागार नव्हते.

दूत नऊ एप्रिलला यायचा होता. मेयरनं तारीख खडूनं दारामागे लिहिली. तोरण, बँड, स्वागताचं भाषण, सगळं नऊ एप्रिलसाठी ठरलं. आणि तीस मार्चला, सोमवारी सकाळी, मेयर कोपरापर्यंत हात डांबरात घालून दोर भिजवत असताना फ्रेंच दूत चौदा माणसांसह धक्क्यावर उतरला.

चूक कुणाचीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी पोपनं पंचांगातून दहा दिवस काढून टाकले होते. फ्रान्सनं ते मानलं. राणीसाहेबांच्या राज्यात मात्र ते दहा दिवस अजून शिल्लक होते. पोपच्या सांगण्यावरून तारीख बदलायची म्हणजे काय, सूर्याला तरी विचारलं का त्यानं? दूत आपल्या नऊ एप्रिलला बरोबर आला होता. रायची नऊ एप्रिल अजून यायची होती.

तारखेचं काय एवढं, भाषण पुढेमागे करता येतं. पण ईस्टरही वेगळं होतं. पोपच्या पंचांगात चंद्रसुद्धा निराळा. फ्रान्समध्ये ईस्टर होऊन आठवडा झाला होता. रायमध्ये यायला अजून तीन आठवडे होते.

दूताचं नाव मोस्यू द ब्रेव्हाल. उंच, पिवळट, समुद्र लागलेला. धर्माचा पक्का, त्यामुळे चाळीस दिवस खाल्लं ते फक्त मासे. ईस्टरला घरी पोटभर कोकरू खायचं, तर राजाचं बोलावणं आलं. नंतर आठवडा गेला घोड्यावर आणि बोटीवर, खारट बिस्किटं चघळत. आता तो 'टोपी'च्या मोठ्या टेबलाशी बसला, पट्टा दोन भोकं सैल केला आणि प्रसन्न चेहऱ्यानं वाट पाहू लागला.

पेट्रोनेलनं खारवलेला हेरिंग वाढला. मग भाजलेला हेरिंग. मग वाळवलेला कॉड, मोहरी लावून. मग वाम भरलेली, मोठी कचोरीच म्हणावी अशी पाई. दर पदार्थाला ती अदबीनं सांगायची, मासा. दूताला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण सातव्या ताटापर्यंत हा एक शब्द त्याला तोंडपाठ झाला.

त्यानं हात पुसले आणि दुभाष्याकडे पाहिलं.

दुभाष्या म्हणजे एली तुर्नूर. पेट्रोनेलच्या माळ्यावर राहून शिंगाच्या फण्या करायचा. फ्रान्समधून पळून आलेला, नव्या पंथाचा. पळून का आला? तर एका शुक्रवारी त्यानं खिडकीत बसून सॉसेज खाल्लं होतं. शेजाऱ्यांनी घर जाळलं. एली रात्रंदिवस चालत किनाऱ्याला लागला, बोटीतून नव्या पंथाच्या देशात उतरला, पहिल्याच शुक्रवारी सॉसेज मागितलं आणि क्रंपनं त्याची गचांडी धरली. त्या दिवसापासून एली जगाकडे जरा तिरकाच बघायचा. गावात फ्रेंच येणारा दुसरा माणूस असता तर मेयरनं त्याला बोलावलंही नसतं.

दूत जे बोलला ते एलीनं सावकाश, चवीचवीनं भाषांतर करून सांगितलं. मोस्यू विचारतात, हा काय प्रकार आहे. मोस्यू म्हणतात, प्रभू पुन्हा उठून आठवडा झाला, तुमच्या राणीला अजून बातमी पोचली नाही का? मोस्यूंना वाटतं, ही पोपच्या पंचांगाची टिंगल आहे. आणि पोपच्या पंचांगाची टिंगल ती फ्रान्सच्या राजाची टिंगल. शेजारी बसलेला कारकून हे सगळं लिहून घेत होता.

"आणि शेवटी काय म्हणाला?" मेयरनं विचारलं. डांबर अजून त्याच्या कोपरापर्यंत होतं.

"उद्या दुपारी ताटात मांस दिसलं नाही, तर भरतीबरोबर परत जाणार. राजाला सांगणार, इंग्लंडनं उत्तर दिलं, आणि उत्तर हेरिंग आहे."

मेयर पेट्रोनेलला बाजूला घेऊन गेला आणि त्यानं तिला परिस्थिती समजावून सांगितली, म्हणजे सगळी तिच्या गळ्यात घातली. दूत परत गेला तर लंडनला कळवावं लागेल की खानावळवालीनं पाहुण्याला उपाशी ठेवलं. ताटात मांस पडलं तर क्रंप आहेच. एकूण काय, परवाना दोन्हीकडून जातो. मेयर म्हणून आपण हे पाहून फार दुःखी होऊ, असंही त्यानं सांगितलं.

एक तोड त्याला सुचली होती. आजाऱ्याला पाद्र्याच्या चिठ्ठीवर मांस खाता येतं. दूत आजारी आहे असं म्हणू या का? एलीमार्फत विचारून पाहिलं. दूत उभा राहिला आणि म्हणाला, की राजाचा दूत आजारी म्हणजे राजा आजारी, राजा आजारी म्हणजे फ्रान्स आजारी, आणि फ्रान्सची तब्येत उत्तम आहे. शिवाय तुमच्या पाखंडी पाद्र्याच्या चिठ्ठीवर मी पाणीसुद्धा पिणार नाही.

संध्याकाळी पेट्रोनेल मागच्या पायरीवर वामेचं डोकं कापत बसली होती. समोर दलदल पसरलेली. वरून रानहंसांची माळ चालली होती, काळ्या मानेचे, पांढऱ्या तोंडाचे. ती बघत राहिली. वाम हातातून सुटून गेली तरी बघत राहिली.

आता हे हंस कसे जन्मतात ते राय बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते अंडी घालत नाहीत. कुणी त्यांचं अंडं पाहिलंय का? घरटं पाहिलंय? समुद्रात जहाजाचं लाकूड कुजत पडलं, की त्याला शिंपले लटकतात. शिंपल्यातून आधी चोच येते, मग पिसं येतात, मग तो पाण्यात टपकन पडतो आणि हंस होऊन पोहायला लागतो. पेट्रोनेलनं स्वतः पाहिलं नव्हतं, पण पाहिलेल्या माणसाला पाहिलं होतं. म्हणजे जन्म पाण्यात, आईबाप लाकूड, रक्तामांसाचा संबंध नाही. मग हा हंस कोण? मासाच की.

तिनं बार्नबी टिलडेनला निरोप धाडला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे काही मागितलं होतं. तो तासाभरात सहा हंस खांद्यावर टाकून हजर झाला आणि म्हणाला, की ईस्टर आता जवळच आलं, नाही का. पेट्रोनेल म्हणाली, हो ना, बघू.

मग ती माळ्यावर गेली.

"एली, तिकडे तुझ्यावर काय गुदरलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण उद्या तुझा एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर माझ्या गळ्यात हंस बांधून मला बाजारात बसवतील. आपल्या माणसांना तो मासा आहे. त्याला तो मांस आहे. मधे तू आहेस."

एली फणीचे दात घासत राहिला. "तो माणूस माझ्याच जिल्ह्यातला आहे, बाई. माझं घर जळताना त्याच्या वाड्यावरून छान दिसलं असेल."

एवढंच बोलला. ना हो म्हणाला, ना नाही. पेट्रोनेलला पहिल्यांदाच कळलं की असं उत्तर मिळाल्यावर त्या तीन बापड्यांना कसं वाटत असेल.

मंगळवारी दुपारी टेबल भरलं. दूत, कारकून, त्यांची माणसं, स्वच्छ धुतलेला मेयर गळ्यात साखळी घालून. पेट्रोनेलनं हंस आणले. खरपूस, कांद्याबरोबर भाजलेले, कडेनं चरबी चुरचुरतेय. आणि इथे तिच्या हातून एक घोळ झाला. सणावाराला भाजलेला पक्षी वाढायचा तर त्याचे पंख परत खोचून सजवायचा, ही तिच्या सासूची शिकवण. हात सवयीनं चालले. मधल्या ताटातला मासा दोन्ही पंख पसरून बसला होता.

दूतानं डोळे मिटून पहिला घास घेतला. त्याच्या पिवळट चेहऱ्यावर रंग आला. दुसरा घास. कारकुनानं लेखणी खाली ठेवली ती त्या दिवशी पहिल्यांदाच.

तेवढ्यात दार उघडलं आणि आधी नाक आलं, मग क्रंप आला.

त्यानं काही विचारलंच नाही. सरळ मधल्या ताटाकडे गेला आणि काठीचं टोक हंसाकडे रोखून म्हणाला, की मेयरसाहेबांच्या डोळ्यांदेखत, माशाच्या दिवसांत, राजरोस.

"मासाच आहे तो," पेट्रोनेल म्हणाली.

क्रंपनं एक पंख उपटून वर धरला.

दूतानं कुतूहलानं एलीकडे पाहिलं. एली ताटाकडे पाहत होता. मेयर उठला, काहीतरी चौकशी करणं आता भागच होतं. त्यानं घसा खाकरून पेट्रोनेलला विचारलं, की या माशाचा जन्म कुठला. तिनं लाकडाची, शिंपल्याची सगळी हकीकत सांगितली. मेयर म्हणाला, हे खरं आहे, माझ्या मावशीचा नवरा हेच सांगायचा. क्रंप म्हणाला, पिसं आहेत त्याला. मेयर म्हणाला, उडणारे मासेही असतात. क्रंप म्हणाला, पाय आहेत. मेयर म्हणाला, खेकड्याला नाहीत? क्रंप म्हणाला, खेकडा भाजल्यावर अशी चरबी गळत नाही, आणि हा मासा असेल तर मी कॉड आहे. टेबलाच्या टोकाशी कुणीतरी हसलं. मेयरचा हात साखळीवर गेला. त्याला उरलेले चार महिने आठवले, बकच्या गळ्यातली बरगडी आठवली, आणि त्याची नजर हळूहळू पेट्रोनेलवरून सरकून क्रंपवर स्थिर झाली. ती नजर पेट्रोनेल ओळखत होती. टोपी फिरताना आतल्या डोक्याची अशीच नजर होते.

क्रंपलाही ती दिसली. जिंकत आलेला माणूस नेमका तिथेच थांबत नाही. त्याला राग तर होताच, रागात माणूस आईच्या भाषेत बोलतो, आणि क्रंपची आई जुन्या पंथात वाढलेली होती.

"चाळीस दिवसांचा पवित्र उपास मोडलास तू, बाई," तो गरजला. "हे पाप आहे पाप."

पेट्रोनेलनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"मेयरसाहेब," पेट्रोनेल हळूच म्हणाली, "कोतवालसाहेब काय म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं नाही."

मेयरनंही ऐकलं नव्हतं असंच त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण मागच्या दारात कॉडची टोपली घेऊन म्हातारी ॲग्नेस उभी होती. एक वर्ष तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"उपास म्हणाला," ॲग्नेस म्हणाली. मग चव घेऊन पुन्हा एकदा म्हणाली, "पवित्र उपास. आणि पाप."

क्रंप पांढरा पडला. कायदा त्याला तोंडपाठ होता; त्यानंच ॲग्नेसला वाचून दाखवला होता. मेयरचंही धैर्य आता एकदम परत आलं. त्यानं साखळी सरळ केली आणि विचारलं, की कोतवाल, तुम्हाला असं म्हणायचं आहे का, की राणीसाहेबांचे माशाचे दिवस हे पोपचा उपास आहेत? आणि तेसुद्धा फ्रान्सच्या दूतासमोर?

क्रंपनं तोंड उघडलं, मिटलं. आता तो खरंच बराचसा कॉडसारखा दिसत होता.

"मला म्हणायचं होतं," तो म्हणाला, "हा मासा नीट शिजलाय का, तेवढं पाहायला आलो होतो."

"म्हणजे मासा आहे?"

"मासा आहे."

"मग खाऊन दाखवा," मेयर म्हणाला.

क्रंप बसला. त्याच्यापुढे मांडी आली. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा त्यानं घास घेतला. दुसरा घास मात्र त्यानं डोळे उघडे ठेवून घेतला, आणि तिसऱ्याला बाजूच्या फ्रेंच माणसाकडून मीठ मागून घेतलं.

हे सगळं दूत पाहत होता. एक सरकारी माणूस ओरडत आला, पंख उपटला, पांढरा पडला, खाली बसून जेवायला लागला. त्यानं एलीला विचारलं, हे काय चाललंय. आणि विजयाच्या भरात मेयरनंच उत्तर दिलं. म्हणाला, सांग रे त्यांना, यात काही गुपित नाही, हा आमचा खास मासा आहे, जहाजाच्या लाकडावर जन्मतो.

एलीनं तोंड उघडायच्या आधीच दूताची सुरी थांबली. इंग्रजीतला एवढा एकच शब्द त्याला येत होता.

"मासा?" तो म्हणाला.

कारकुनानं लेखणी उचलली. पेट्रोनेलनं फडक्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले. एलीनं दूताकडे पाहिलं, त्याच्या हनुवटीवर ओघळलेल्या चरबीकडे पाहिलं. मग त्यानं दाराबाहेर हलणाऱ्या पाटीकडे पाहिलं, नुसत्या टोपीकडे. त्याला आसरा देताना हिनं कुठल्या पंथाचा ते विचारलं नव्हतं. एली फ्रेंचमध्ये सावकाश बरंच काही बोलला.

दूताच्या भुवया वर गेल्या. त्यानं शीळ घातली. कारकून भराभर लिहायला लागला. मग दूत उठून क्रंपपुढे वाकला, मेयरपुढे वाकला, थोडासा हंसापुढेही वाकला आणि दुसरी मांडी ओढून घेतली.

"काय सांगितलंस?" पेट्रोनेलनं नंतर स्वयंपाकघरात विचारलं.

"सांगितलं, मासा नव्हे मोस्यू, मासा तुमच्या कानाला वाटला. हा आरमारी हंस. इथे जहाजं इतकी झाली आहेत की हंस जमिनीवर जन्मायचेच बंद झालेत, जहाजावरच वाढतात. आणि तो काठीवाला आरमाराचा अधिकारी. एकही हंस त्याच्या मोजणीशिवाय कापता येत नाही, म्हणून ओरडत होता." एली खांदे उडवून म्हणाला, "मेयर बोलला त्यातलं निम्मं तरी आहेच त्यात."

हंसाला म्हणे दुधातलं पाणी वेगळं काढता येतं. रायच्या हंसानं मासा आणि मांस एक करून दाखवलं.

दूत आणखी आठ दिवस राहिला. लंडनला जायचं नाव नाही, परत जायचं नाव नाही. बार्नबी दलदल आणि 'टोपी' यांच्यात खेपा घालत होता आणि दर खेपेला ईस्टर किती जवळ आलं ते सांगत होता. शुक्रवारी मात्र दूताचा नियम. त्या दिवशी त्यानं हेरिंग मागितला. आता मेयरनं निवाडा दिलेलाच होता, तेव्हा गावातले लोक त्या शुक्रवारी बिनघोर हंस खात होते. अख्ख्या राय बंदरात राणीसाहेबांचा कायदा जीव तोडून पाळणारा एकटा पोपचा माणूस होता.

नवव्या दिवशी लंडनहून चार पानी उत्तर आलं. अक्षर सुंदर, भाषा गोड. दूतानं तीनदा वाचलं, त्यात हो कुठे नव्हतं आणि नाही कुठे नव्हतं. पण त्याची काही तक्रार नव्हती. ज्या राज्याचे हंससुद्धा आरमारात भरती झालेत त्या राज्याला घाईनं उत्तर द्यायची गरज काय, असं तो म्हणाला आणि भरतीबरोबर गेला. आठवड्यानं मेयरला आणखी एक पत्र आलं. इंग्लंडच्या जहाजांचा आकडा फ्रान्समध्ये अचानक तिप्पट मोठा सांगितला जात आहे, राणीसाहेब प्रसन्न आहेत, हे कसे घडले ते कृपा करून लिहू नये. सही वाचता येत नव्हती.

एवढं सगळं झालं, पण कोतवालाचा दाखला काही आला नाही. क्रंप त्या मंगळवारनंतर 'टोपी'कडे फिरकलाच नव्हता. रस्त्यात दिसला तर नाक दुसरीकडे करायचा. ईस्टर दोन दिवसांवर आलं. मेयर म्हणाला, माझा निवाडा निवाड्याच्या जागी, पण कागदाला कोतवालाची सही लागते बाई, त्याला मी तरी काय करणार.

शुक्रवारी दुपारी पेट्रोनेल स्वयंपाकघरात होती. हंस उत्तरेकडे उडून गेले होते. दोनच राहिले होते, पिंपात खारवून ठेवलेले. त्यातल्या एकाची तंगडी तिनं एलीपुढे ठेवली. एलीनं तंगडी उलटून पाहिली.

"हा मासा असेल तर मला नको," तो म्हणाला. "मी शुक्रवारी मांस खाण्यासाठी घर जाळून घेतलंय."

"तुझ्यासाठी मांस आहे. दारात कुणी आलं तर मासा."

एलीला ते पटलं. त्यानं पहिला लचका तोडला आणि मागचं दार वाजलं.

क्रंप होता. हातात काठी नव्हती, घडी घातलेला कागद होता. पेट्रोनेलनं कागदाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एली तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "मासा."

क्रंपनं तिकडे लक्ष दिलं नाही. तो दाराच्या चौकटीकडे पाहत होता. बंद दाराआडून चरबी ओळखणारं त्याचं नाक मात्र सरळ पिंपाकडे वळलं होतं.

"सही करायची आहे," तो म्हणाला. "पण आधी खात्री करून घ्यावी लागेल. इथे मासाच शिजतो ना, याची."

"या ना, बसा. हेरिंग आहे, कॉड आहे, वाम आहे. कुठला मासा देऊ, कोतवालसाहेब?"

क्रंपनं मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"तोच," तो म्हणाला. "पिसांचा."